डबा रिकामा येतो, म्हणजे पोरगी जेवली का?

दर वेळी मी इथं बसले की गटाचे हप्ते, बँकेचे कागद, नाहीतर शेळीपालन असं काहीतरी बोलते. आज विषय वेगळा आहे. आज जेवणाबद्दल बोलायचं आहे, पण वही-पेन घेऊन पाककृती लिहायला बसू नका. हे बोलणं आहे घरात भाकर असूनही न जेवणाऱ्या आपल्या पोरींबद्दल. थोडं पोरांबद्दलही.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पोषण आहार शिजवणाऱ्या कितीतरी बाया बचत गटातल्या आहेत. त्या आज ऐकत असतील तर त्यांनी जरा जास्तच कान द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीवर ज्या आहेत त्यांनीही. गावात कुणी ताई, मॅडम, सर जवळ बसले असतील तर त्यांनाही आवाज द्या.

आमच्या एका गटात एक बाई आहे. तीन एकर वावर, त्यात सोयाबीन आणि तूर. तिची पोरगी तेव्हा नववीत होती, वर्गात पहिली-दुसरी यायची. सोंगणीच्या दिवसांत एका मीटिंगला ही बाई म्हणाली, "ताई, पोरगी डबा रोज रिकामा आणते, पण अंगाला काही लागत नाही. जंत झाले असतील का वं?" आम्ही सगळ्या हसलो. कुणी म्हणालं वाढीचं वय आहे, कुणी म्हणालं अभ्यासाचं टेन्शन आहे. मी म्हणाले, दवाखान्यातून जंताची गोळी आण. एवढ्यावर विषय संपला आणि आम्ही वसुलीच्या वहीकडे वळलो.

पुढं दोनेक महिन्यांनी त्याच शाळेत खिचडी शिजवणारी आमचीच एक बाई मला रस्त्यात भेटली. इकडंतिकडं पाहून म्हणाली, "ताई, मले वाटे सांगू का नको. पोरीचं नाव खराब होईन. पण तिचं जेवण रोज कुत्र्याच्या पोटात जाते." ही बाई शाळेच्या मागं नळावर पातेली घासायची. मधल्या सुट्टीत ही पोरगी भिंतीआड यायची, पोळी-भाजी कुत्र्याला टाकायची, डबा विसळायची आणि परत जायची. रोज. कुत्रं तर तिची वाट पाहत बसायचं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढं बोलायचा मला हक्क नाही. त्याच्या आदल्या दिवाळीत मी त्या घरी फराळाला गेले होते. पोरगी ताट घेऊन आली तेव्हा मीच म्हणाले होते, "काय वं, किती गोल झाली तू! आता दरवाजा मोठा करावा लागते तुझ्या बापाले." सगळे हसले, तीही हसली. आणि सहा महिन्यांनी ती बारीक झालेली दिसली तेव्हा मीच पुन्हा म्हणाले, "आता कशी शेलाटी झाली, छान दिसते." मी दोन्ही वेळा चांगल्या मनानंच बोलले. पण ती दोन्ही वाक्यं तिनं कशी धरून ठेवली होती, ते मला फार उशिरा कळलं.

हा आजार माझ्या एका वाक्यानं झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. तो एका कारणानं होतच नाही. स्वभाव असतो, घराण्यात असतं, वयात येताना शरीर बदलतं त्याची भीती असते, कुणी चिडवलेलं असतं, परीक्षा असते, मोबाईल असतो. पण ठिणगी कुठून तरी पडते, आणि आपल्याकडं ती बहुतेक वेळा आपल्याच तोंडातून पडते.

याला आहाराचे मानसिक आजार म्हणतात. त्यांतला एक म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास त्याला हे नाव दिलं, म्हणजे हे काही मोबाईलबरोबर आलेलं नवं खूळ नाही. यात पोरगी खाणं इतकं कमी करते की शरीर झिजत जातं, तरी आरशात तिला आपण जाडच दिसतो. दुसरा बुलिमिया. त्यात एकदम खूप खायचं, लपून खायचं, मग बोटं घालून ओकायचं किंवा जुलाबाची गोळी घ्यायची. यात वजन नेहमीसारखंच राहतं, त्यामुळं घरात कुणाच्याच लक्षात येत नाही. तिसऱ्यात ओकणं नसतं, पण ताबा सुटून खाणं असतं आणि नंतर मनात नुसती शरम. म्हणून एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा की असा आजार फक्त काडीसारख्या पोरींना होतो. भरल्या अंगाच्या पोरीलाही होतो, आणि तिच्याकडं तर कुणी पाहतच नाही.

मी हे सगळं समजून घेत होते तेव्हा मला वाटायचं, हे मुंबई-पुण्याचं, पैसेवाल्यांचं दुखणं असेल. आपल्या तांड्यावर, आपल्या वस्तीत कुठून येणार? मग मला फिजीच्या अभ्यासाबद्दल कळलं. फिजी म्हणजे समुद्रातली दूरची बेटं. तिथं भरलेल्या अंगाची बाई म्हणजे चांगल्या घरची, सांभाळलेली बाई असं मानायचे. आपल्या आज्यापण हेच म्हणायच्या की नाही? पोरगी भरली की म्हणायच्या, माहेरचं चांगलं आहे. त्या बेटांच्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर नावाच्या अमेरिकन डॉक्टर बाईंनी टीव्ही येताच तिथल्या शाळेतल्या मुलींना विचारलं, वजन कमी करायला तुम्ही ओकता का? एकही नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ साली, पुन्हा विचारलं. शंभरातल्या अकरा मुली हो म्हणाल्या. तीन वर्षांत! आणि तो नुसता टीव्ही होता. आपल्या पोरींच्या हातात तर मोबाईल आहे, त्यात चेहरा गोरा आणि गाल बारीक करून देणारं यंत्र आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटाची, ती मला जास्त उपयोगी वाटते. १९४४-४५ साली, महायुद्ध चालू असताना, तिथल्या विद्यापीठात ३६ तरुण पुरुषांनी स्वतःहून एक प्रयोग करून घेतला. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. चांगले धडधाकट, समजदार माणसं होती. हळूहळू काय झालं? ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली. डोक्यात चोवीस तास जेवणच. कुणी पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचं, कुणी एक घास तासभर पुरवायचं. म्हणजे उपाशी पोट माणसाचं मन बदलून टाकतं. आपण पोरीला म्हणतो, "नखरे करते, हट्टी झाली, उलटून बोलते." त्यातलं अर्धं बोलणं तिचं नसतं, तिच्या रिकाम्या पोटाचं असतं. म्हणूनच आधी पोट, मग समजूत. नुसत्या उपदेशानं हा आजार जात नाही.

आता शाळेत काय दिसतं ते सांगते. आमच्या पोरीचंच घ्या. मार्च महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि ती स्वेटर घालून वर्गात बसायची. वर्गशिक्षिका मॅडमना वाटलं फॅशन आहे. पीटीचे सर खूश होते, कारण ती मैदानाला सगळ्यांपेक्षा दोन फेऱ्या जास्त मारायची. परिपाठाला उभी असताना दोनदा चक्कर येऊन बसली, तेव्हा ऊन लागलं म्हणून पाणी पाजलं. केस गळत होते, मैत्रिणी चिडवायच्या. हातावर आणि पाठीवर बारीक लव वाढली होती. डबा खायला ती मैत्रिणींच्या घोळक्यात बसेनाशी झाली. हे सगळं शाळेत कुणी ना कुणी पाहिलं होतं. मॅडमनी स्वेटर पाहिला, सरांनी पळणं पाहिलं, शिपाई काकांनी चक्कर पाहिली, खिचडीवाल्या बाईनं कुत्रं पाहिलं. चौघांनी चार तुकडे पाहिले आणि ते कधी एका जागी आलेच नाहीत. मला वाटतं, शाळेतली खरी चूक कुठं होत असेल तर ती इथं होते. कुणाचं मन वाईट नसतं, पण एकमेकांना कुणी सांगत नाही.

ओकणाऱ्या पोरीची लक्षणं थोडी वेगळी असतात. जेवण झालं की लगेच संडासात जाणं, रोजच्या रोज. बोटं घशात घालून घालून हाताच्या बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण पडतात. गालाखालचा भाग सुजल्यासारखा दिसतो. आंबट पाण्यानं दात झिजतात, थंड-गरम लागतं. मॅडम वही तपासायला घेतात तेव्हा हात दिसतोच, एवढं पाहायला वेगळा वेळ लागत नाही. आणि ओकल्यावर लगेच दात घासू नयेत, नुसती पाण्यानं चूळ भरावी. आंबट पाण्यानं दात मऊ झालेले असतात, ब्रशनं ते जास्त झिजतात. ही गोष्ट गरोदर बायांनाही लागू आहे, म्हणून सांगून ठेवते.

पाळीचं वेगळं बोलावं लागेल. शरीर झिजलं की पाळी बंद होते. आमच्या पोरीची चार महिने आली नव्हती. आईला ते कळलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल ते तुम्हा सगळ्यांना न सांगता समजलं असेल. तिनं पोरीला मारलं. मग घाबरून गप्प बसली, नवऱ्याला सांगितलं नाही, दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात गेलं की गावाला कळेल. त्यात महिना गेला. कुणी बाहेरचं आहे म्हणालं म्हणून दंडाला धागाही बांधून आणला. बायांनो, पोरीची पाळी थांबली तर संशय घेण्याआधी एवढं विचारा: ती जेवते का? वजन उतरलं का? आशाताईला बोलवा. ती तुमच्याच गावातली आहे.

आता पोषण आहाराबद्दल. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २०२१ पासून तिला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण म्हणतात, पण आपल्यासाठी ती खिचडीच. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असा हिशोब असतो. आता मला खटकतं ते ऐका. ही खिचडी आठवीपर्यंतच आहे. पोरगी नववीत गेली की तिचं ताट कुणी पाहत नाही. आणि हे आजार बहुतेक कधी सुरू होतात? याच वयात, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पुढं. म्हणजे ज्या दिवसापासून पाहायला पाहिजे त्याच दिवसापासून पाहणं बंद. नववी-दहावीचे वर्गशिक्षक मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा जरी पोरींबरोबर डबा खायला बसले तरी पुष्कळ कळेल. याला ना परिपत्रक लागतं ना निधी.

खिचडी शिजवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही रोज दीडदोनशे ताटं वाढता. कोण दोनदा मागतं, कोण ताट तसंच ठेवतं, कोण दुसऱ्याच्या ताटात सरकवतं, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, मुख्याध्यापकांनाही नाही. तुम्हाला मानधन कमी मिळतं आणि मान त्याहून कमी मिळतो, मला माहीत आहे. तरी सांगते, आठ-दहा दिवस एकच लेकरू जेवत नाही असं दिसलं तर वर्गशिक्षिकेला बाजूला घेऊन सांगा. नळावर, चार बायांत नको. आणि "ताट का टाकलं?" म्हणून रांगेत ओरडू नका.

पण घाईनं शिक्काही मारू नका. न जेवण्याची कारणं दहा असतात. एखादी पोरगी घरून उपाशी येते आणि खिचडी पिशवीत घालून लहान भावासाठी नेते. ती गरिबी आहे, तिथं वेगळी मदत लागते. एखादी पाणीच पीत नाही, कारण शाळेच्या संडासाला कडी नाही. एखाद्या लेकराला पंगतीत कुणी जातीवरून बोललेलं असतं आणि तेव्हापासून त्याचा घास उतरत नाही. कुणाला जंत असतात, कुणाला कावीळ, कुणाला क्षय, कुणाला साखरेचा आजार. लेकरू खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खात असेल तर पुष्कळदा अंगात लोह कमी असतं. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी निघालं, तेव्हा हे काही दुर्मीळ नाही. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती त्यासाठीच आहे. ती उपाशी पोटी घेतली की मळमळतं आणि पोरी ती खिडकीतून टाकतात. जेवणानंतर द्या म्हणून सांगा. हे सगळं डॉक्टरांनी तपासून वेगळं करायचं असतं, आपण फक्त पाहायचं आणि पोचवायचं.

आणि उपास. नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, हरतालिका. मी स्वतः उपास करते, त्यामुळं मला कुणी नास्तिक म्हणू नका. पण बारा-चौदा वर्षांची पोरगी एकदम सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी सगळंच धरायला लागली, आणि उपास सुटायच्या वेळीही ताटावर बसत नसेल, तर जरा बघा. आपल्या घरात उपास म्हटलं की आजीसुद्धा कौतुक करते, कुणी खा म्हणत नाही. आजार लपवायला याच्याइतकी चांगली जागा नाही. आमच्या पोरीनं वर्षभर तीन वार धरले होते आणि आम्ही तिला गुणाची म्हणत होतो.

पोरांचं म्हटलं होतं. आपल्याकडं पोलीस भरती, आर्मी भरतीचं वेड किती आहे ते पहाटे रस्त्यावर पाहा. चांगली गोष्ट आहे. पण त्यात काही पोरं पोट मारून पळतात, काही छाती फुगवायला कुठल्या तरी डब्यातली पावडर खातात, इंजेक्शनं घेतात. पोराला खाण्याचा आजार असतो हे कुणी मानतच नाही, म्हणून पोरगा कुठं बोलतच नाही.

आता बोलायचं कसं. यात आम्ही आधी सगळं उलटं केलं. खिचडीवाल्या बाईनं मला सांगितलं, मी आईला सांगितलं, आईनं त्या रात्री ताट पुढं ठेवून पोरीला शपथ घातली, "नाही खाल्लं तर माझं मेलेलं तोंड पाहशील." पोरीनं खाल्लं आणि न्हाणीत जाऊन ओकली. इकडं शाळेत निरोप गेला तर एका सरांनी वर्गात विचारलं, "डबा न खाणाऱ्या मुलींनी उभं राहा." ती उभी राहिली नाही, पण सगळा वर्ग तिच्याकडं वळला. पुढचे चार दिवस ती शाळेतच गेली नाही.

मग मॅडमनी ते हातात घेतलं. त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण ते कुणालाही जमण्यासारखं आहे. जेवणाच्या वेळी नाही, शाळा सुटल्यावर, ग्रंथालयाच्या खोलीत, एकटीला बसवलं. तुला आजार आहे असं म्हटलं नाही. बारीक झालीस, हाडं दिसतात, असंही नाही, कारण या आजारात ते ऐकून पोरीला आनंदच होतो. त्या म्हणाल्या, "मला दिसतं की तुला वर्गात थंडी वाजते. दोनदा चक्कर आली. पूर्वी तू मैत्रिणींत बसायचीस, आता एकटी असतेस. मला काळजी वाटते." एवढं बोलून गप्प बसल्या. पोरगी म्हणाली, "काही नाही मॅडम, मी बरी आहे." मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "बरं. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारीन." आणि खरंच विचारलं. तिसऱ्या वेळी पोरगी रडली. म्हणाली, "मले खायचं असते मॅडम, पण खाता येत नाही. डोक्यात कुणीतरी नाही म्हणते."

तिनं मग विनंती केली की घरी सांगू नका. इथं मॅडमनी खोटं वचन दिलं नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. त्या म्हणाल्या, "वर्गात कुणाला कळणार नाही, स्टाफरूममध्ये चर्चा होणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आई-बाबांना आणि डॉक्टरांना सांगावं लागेल. सांगताना तू माझ्याजवळ बसशील." असं सांगितल्यावर पोरगी चिडली, पण पळून गेली नाही.

आईबापाशी बोलतानाही दोष दिला नाही. बाप आधी म्हणाला, घरात एवढं पिकवतो आणि ही टाकते, माज आला. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तिला मलेरिया झाला असता तर माज म्हटलं असतं का?" तो गप्प झाला.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, रक्त तपासलं आणि पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर आणि समुपदेशक बसतात, किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिकही असतं. तिथं गेलं म्हणजे पोरगी वेडी ठरली, असं काही नसतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोरीला घरी एकदम तूप-साखर, लाडू, भरपूर जेवण देऊ नका. झिजलेल्या शरीराला एकदम आलेलं अन्न झेपत नाही, रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं.

आणि काही वेळा वाट पाहायचीच नाही. पोरगी बेशुद्ध पडली, छातीत धडधड होते म्हणाली, ओकीत रक्त आलं, पाणीसुद्धा घेईना, किंवा मरणाचं बोलली, तर सरळ १०८ ला फोन करा. पालक वावरात आहेत म्हणून शाळेनं संध्याकाळपर्यंत थांबू नये. मनाचं काही विचारायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. शिक्षकही त्यावर विचारू शकतात, आपणही. लेकराला घरात मारहाण किंवा दुसरा काही त्रास आहे असं वाटलं तर १०९८.

आता व्यवस्थापन समितीवरच्या बायांसाठी. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. आपण तिथं सहीपुरत्या नाही. मी आमच्या गावच्या मीटिंगमध्ये तीन गोष्टी मागितल्या. पहिली वजनाची. आरोग्य तपासणीची गाडी वर्षातून एकदा येते, तेव्हा सगळ्या वर्गासमोर काटा ठेवतात आणि एक जण मोठ्यानं आकडा वाचतो, दुसरा लिहितो. नंतर आठवडाभर पोरं त्या आकड्यानं हाका मारतात. मी म्हटलं, काटा कपाटामागं ठेवा, आकडा मोठ्यानं वाचू नका. दुसरी अशी की महिन्यातून एकदा मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पीटीचे सर, शिपाई आणि खिचडीवाली बाई यांनी पंधरा मिनिटं एका जागी बसावं आणि कोणत्या लेकरात काय बदल दिसतो एवढंच बोलावं. तिसरी, शाळेत कुणीही, शिक्षकांनीही, लेकराच्या अंगावरून नाव ठेवायचं नाही. ढोल्या नाही आणि काडी पैलवानही नाही. स्नेहसंमेलनात जाड पोराला हसवायला उभं करायचं नाही.

काट्याची गोष्ट लगेच मान्य झाली. कपाटामागं नाही, पण पडदा लावला. पंधरा मिनिटांचं बसणं दोनदा झालं, मग परीक्षा आली आणि राहिलं. तिसऱ्या मुद्द्यावर एक सर हसून म्हणाले, "ताई, एवढंही बोलायचं नाही तर मग मस्करी करायची कशी?" मी त्यांना दिवाळीची माझी गोष्ट सांगितली. पुढच्या मीटिंगला तो विषय पुन्हा घेतला आहे.

पोरगी आता अकरावीला आहे. उपचार वर्षभर चालले, अजून दोन महिन्यांनी एकदा दाखवायला जातात. पाळी आली, केस परत आले. परीक्षा जवळ आली की पुन्हा अर्धी पोळी डब्यात राहते, ती आईला दिसते, आणि आई आता शपथ घालत नाही. जवळ बसते, स्वतः जेवते, वावरातल्या गोष्टी सांगते. परवा मी गेले तेव्हा पोरीनं चहा केला. कपडे नवे होते, ती छान दिसत होती. जीभ वळली होती माझी. मी विचारलं, "अकरावीचं गणित कसं आहे वं?" ती म्हणाली, "लय अवघड आहे मावशी," आणि वही काढून मला दाखवायला लागली, जसं काही मला ते समजणार होतं.